युसेबिओ : एक खेळाडू, दोन देश

२३ जुलै १९६६. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी गुडिसन पार्क मैदानावर विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा उपउपांत्य सामना सुरू होऊन पंचवीस मिनिटे झाली होती, आणि फलकावरील आकड्यांवर कोणाचाच विश्वास बसत नव्हता. उत्तर कोरिया तीन, पोर्तुगाल शून्य. ज्या संघाचे नावही युरोपात फारसे कोणी ऐकले नव्हते, त्याने चारच दिवसांपूर्वी बलाढ्य इटलीला घरची वाट दाखविली होती. आता पोर्तुगालची पाळी आली होती. पहिला गोल तर सामन्याच्या पहिल्याच मिनिटास झालेला.

सत्ताविसाव्या मिनिटास पोर्तुगालच्या आघाडीच्या एका खेळाडूने चेंडू जाळ्यात धाडला. गोल झाला की खेळाडूंनी एकमेकांना मिठ्या माराव्यात ही रीत. या गड्याने तसे काही केले नाही. त्याने जाळ्यातून चेंडू उचलला, काखेत मारला आणि तो मैदानाच्या मध्याकडे धावत सुटला. वेळ थोडा आहे, काम बाकी आहे, एवढेच जणू त्याला सांगावयाचे होते. मध्यंतरापूर्वी पेनल्टीवर दुसरा गोल त्याचाच. छप्पन्नाव्या मिनिटास तिसरा त्याचाच. तीनच मिनिटांनी, त्याची मुसंडी अडविण्यासाठी कोरियन बचावपटूंनी त्याला पाडले, तेव्हा मिळालेल्या पेनल्टीवर चौथाही त्याचाच. पुढे जोझे आउगुस्तोने पाचवा गोल केला आणि पोर्तुगालने सामना ५–३ असा जिंकला.

या खेळाडूचे नाव युसेबिओ दा सिल्वा फेरैरा. अंगावर पोर्तुगालचा लाल सदरा होता, जन्म मात्र युरोपातला नव्हता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकच्या मातीत तो वाढला होता. आफ्रिकेने जगाला दिलेल्या थोर फुटबॉलपटूंची गणना त्याच्यापासून सुरू होते. तथापि हा खेळाडू कोणाचा, या प्रश्नाने जन्मभर त्याची पाठ सोडली नाही. त्याच्या कारकिर्दीची कथा आमच्या वाचकांसमोर ठेवताना हा प्रश्नही आम्ही सोबत घेत आहोत. पिढ्यान्‌पिढ्या एका प्रांताचे नाव लावून दुसऱ्या प्रांतात नांदणाऱ्या आमच्या वाचकांना तो अगदीच परका वाटणार नाही.

माफालालाचे दिवस

मोझांबिकची राजधानी आज मापुतो म्हणून ओळखली जाते. पोर्तुगीज अमदानीत तिचे नाव होते लोरेन्सो मार्किस. गोऱ्यांच्या डांबरी रस्त्यांची आणि बंगल्यांची वस्ती जेथे संपे, तेथून पुढे लाकूड आणि पत्र्याच्या घरांची वस्ती सुरू होई. त्यांतलीच एक माफालाला. २५ जानेवारी १९४२ रोजी युसेबिओचा जन्म येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीस असलेले, अंगोलात जन्मलेले गोरे गृहस्थ. आई एलिझा मोझांबिकची कृष्णवर्णीय. युसेबिओ आठ वर्षांचा असताना वडील धनुर्वाताने वारले आणि मुलांचा सारा भार आईवर पडला.

अशा घरात चेंडू विकत आणण्याची गोष्टच नको. मोज्यात जुनी वर्तमानपत्रे कोंबून पोरे चेंडू करीत आणि अनवाणी खेळत. शाळेपेक्षा या खेळाकडेच मुलाचे लक्ष अधिक, म्हणून आईचा जीव टांगणीला लागलेला. पोरांनी आपल्या संघाला ब्राझीलच्या नामांकित संघावरून नाव घेतले होते. त्या काळी काळ्या मुलाने ज्यांच्यासारखे व्हावे असे वाटे, असे नायक तेथेच दिसत होते.

गावातील मोठे क्लब म्हणजे लिस्बनमधील मोठ्या क्लबांच्या शाखाच. युसेबिओ प्रथम गेला तो बेन्फिकाशी नाते सांगणाऱ्या क्लबाकडे. तेथे त्याला घेतले नाही. मग बेन्फिकाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याची, स्पोर्टिंगची, जी स्थानिक शाखा होती तिने त्याला आसरा दिला. दैवाचा खेळ असा की, पुढे ज्या बेन्फिकासाठी तो जन्मभर गोल करणार होता, त्याच्या घराण्याने त्याला आधी दारातून परत पाठविले होते.

न्हाव्याच्या दुकानातली बातमी

या मुलाची कीर्ती लिस्बनला पोचली ती न्हाव्याच्या दुकानातून. बेन्फिकाचे प्रशिक्षक बेला गुटमन हे हंगेरीचे. त्यांची लिस्बनमधील एका केशकर्तनालयात ब्राझीलचे जुने खेळाडू बाउएर यांच्याशी गाठ पडली. बाउएर आपला संघ घेऊन नुकतेच आफ्रिकेचा दौरा करून आले होते. त्यांनी लोरेन्सो मार्किसमध्ये पाहिलेल्या एका पोराचे वर्णन केले आणि गुटमन यांनी वेळ न दवडता सूत्रे हलविली.

डिसेंबर १९६० मध्ये अठरा वर्षांचा युसेबिओ लिस्बनच्या विमानतळावर उतरला. त्याच्यावर आपला हक्क आहे असे स्पोर्टिंगचे म्हणणे, म्हणून दोन्ही क्लबांत जुंपली. बेन्फिकाच्या तारांमधून त्याचा उल्लेख ‘रुथ’ अशा बाईच्या नावाने होई, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती तो लागू नये यासाठी काही दिवस त्याला दक्षिणेकडील समुद्रकाठच्या गावी लपवून ठेवण्यात आले. घरापासून हजारो मैलांवर, थंडीच्या दिवसांत, ज्याच्यावरून दोन धनाढ्य संस्था भांडत आहेत अशा त्या कोवळ्या मुलाच्या मनाची स्थिती काय झाली असेल, याची कल्पनाच करावी.

त्याला एक आधार मात्र होता. बेन्फिकाच्या संघात मारियो कोलुना हा मोझांबिकचाच खेळाडू सुमारे सहा वर्षे आधीपासून खेळत होता. आपल्या लेकराकडे लक्ष ठेवावे, असे युसेबिओच्या आईने त्याला पत्राने विनविले होते. कोलुनाने ते शब्दशः पाळले. युसेबिओचा पगार, बँकेतले खाते, राहणीमान, वेळेवर झोप, सर्वांवर त्याची नजर असे. जगात नाव झाल्यावरही युसेबिओ त्याचा उल्लेख आदराने ‘सेन्योर कोलुना’ असाच करी. परदेशी गेलेल्या मुलाला गावचा एखादा वडीलधारा भेटावा, ही काय चीज असते ते आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

पेलेसमोर, पुष्काशसमोर

२३ मे १९६१ रोजी बेन्फिकाकडून पहिला सामना खेळताना त्याने तीन गोल केले. आठवडाभराने बेन्फिकाने बार्सिलोनाला ३–२ असे हरवून युरोपियन चषक पटकावला. त्या संघात युसेबिओ नव्हता. परंतु जूनमध्ये पॅरिसच्या एका स्पर्धेत बेन्फिकाची गाठ पेलेच्या सांतोस संघाशी पडली. बेन्फिकाचा पुरता धुव्वा उडत असताना गुटमन यांनी या नवख्याला मैदानात उतरविले, आणि त्याने पाहता पाहता तीन गोल केले. सामना सांतोसने ६–३ असा जिंकला. पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी पेलेइतकेच या अनोळखी पोराचेही नाव होते.

पुढचे वर्ष त्याचेच ठरले. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅम येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बेन्फिकासमोर होता रेआल माद्रिद. पाच वेळा हा चषक जिंकलेला, डी स्टेफानो आणि पुष्काश यांचा संघ. पुष्काशने पूर्वार्धातच तीन गोल ठोकून माद्रिदला ३–२ अशी आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात कोलुनाने बरोबरी साधली. मग वीस वर्षांच्या युसेबिओने थोड्याच मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले आणि बेन्फिका ५–३ ने विजयी झाला. सामना संपताच तो धावला तो चषकाकडे नव्हे, डी स्टेफानोकडे. लहानपणापासून ज्याला देव मानले त्याचा सदरा त्याने मागून घेतला आणि विजयाच्या गर्दीत तो कोणी हिसकावू नये म्हणून उराशी जपला.

त्याच्या खेळाचे वर्म कशात होते? प्रथम, वेग. बचावपटू वळेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असे. दुसरे, उजव्या पायाचा तडाखा. गोलरक्षकाला चेंडू दिसावयाच्या आत तो जाळ्यात थरथरत असे. तिसरे, धडधाकट शरीर असूनही चित्त्यासारखी लवचिक चाल. ‘काळा चित्ता’ हे त्याचे टोपणनाव जगभर रूढ झाले ते त्यामुळेच. बेन्फिकासाठी त्याने ४४० अधिकृत सामन्यांत ४७३ गोल केले. पोर्तुगालच्या साखळी स्पर्धेत सात वेळा तो सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि अकरा वेळा त्याच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. युरोपातील साखळी स्पर्धांत सर्वाधिक गोल करणाऱ्यास सुवर्णबूट देण्याची प्रथा १९६८ मध्ये सुरू झाली. पहिला बूट त्याचा, आणि १९७३ चाही त्याचाच.

ध्वज कोणता?

आता त्या प्रश्नाकडे वळू. सालाझार यांच्या राजवटीने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नवे नाव दिले. मोझांबिक, अंगोला, गोवा ही परकी भूमी नसून पोर्तुगालचेच अवयव आहेत, असा त्यामागील दावा. कागदावर हे प्रांत. प्रत्यक्षात मोझांबिकमधील बहुसंख्य काळ्या प्रजेला ‘नेटिव’ ठरवून नागरिकत्वाच्या हक्कांपासून दूर ठेवणारा कायदा १९६१ पर्यंत लागू होता.

आमच्या गोवेकर वाचकांना ही भाषा ओळखीची वाटेल. गोव्यातील कितीतरी कुटुंबे त्या काळी लोरेन्सो मार्किसमध्ये सरकारी कचेऱ्यांतून नोकरी करीत होती. युसेबिओ पोर्तुगालकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो ८ ऑक्टोबर १९६१ रोजी, लक्झेंबर्गविरुद्ध. त्या दिवशी पणजीवर आणि लोरेन्सो मार्किसवर एकच ध्वज फडकत होता. अवघ्या दहा आठवड्यांनी, १९ डिसेंबर रोजी, गोवा मुक्त झाला. मोझांबिकला त्यासाठी आणखी साडेतेरा वर्षे लागली आणि त्यांतली दहा रक्तपाताची गेली. सप्टेंबर १९६४ मध्ये तेथे सशस्त्र स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते.

ते युद्ध चालू असतानाच १९६६ चा विश्वचषक आला. पोर्तुगालचा हा पहिलाच विश्वचषक. संघाचा कर्णधार कोलुना. सोबत युसेबिओ, इलारियो आणि व्हिसेंती. हे चौघेही मोझांबिकमध्ये जन्मलेले! ज्या देशाचे सैन्य त्यांच्या जन्मभूमीत लढत होते, त्याच देशाची इभ्रत त्यांच्या पायांवर तोललेली होती. राजवटीने त्याचा पुरेपूर लाभ उठविला. पाहा, आमच्या संघात काळे-गोरे एकत्र खेळतात, असे जगाला दाखविण्यास युसेबिओइतका सोयीचा पुरावा दुसरा कोणता?

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. त्या विश्वचषकात आफ्रिकेचा एकही देश नव्हता. आफ्रिका, आशिया आणि ओशियानिया या तिन्ही खंडांना मिळून एकच जागा देण्यात आली होती. त्या अपमानाच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी स्पर्धेवर बहिष्कार घातला. ती एकमेव जागा शेवटी मिळाली उत्तर कोरियाला. म्हणजे गुडिसन पार्कवर युसेबिओने ज्या संघाला चार गोल मारले, तो संघ आफ्रिकेच्या रिकाम्या खुर्चीवर बसला होता! आणि खंडाला दार बंद असलेल्या त्या स्पर्धेत नऊ गोल करून सर्वांत पुढे राहिला तो आफ्रिकेचाच पुत्र. बहिष्काराचा उपयोग झाला. १९७० पासून आफ्रिकेला एक हक्काची जागा मिळाली. वाद घालून जे मिळाले ते मिळालेच. पण आफ्रिकेचा खेळाडू कोणाहून उणा नाही, हे युसेबिओने वाद न घालता सिद्ध केले होते.

त्या स्पर्धेत पोर्तुगालने गतविजेत्या ब्राझीललाही ३–१ असे हरविले. त्यातील दोन गोल युसेबिओचे. त्या दिवशी पेलेला मात्र पोर्तुगीज बचावपटूंनी इतक्या निर्दयपणे पाडले की, तो डाग विजयावरून पुसता येत नाही. उपांत्य सामना यजमान इंग्लंडशी. तो लिव्हरपूलला ठरला होता, पण आयत्या वेळी लंडनच्या वेम्ब्लीवर हलविण्यात आला. दमलेल्या पोर्तुगीज खेळाडूंना प्रवास घडला तो वेगळाच. बॉबी चार्ल्टनच्या दोन गोलांनंतर युसेबिओने पेनल्टीवर एक गोल फेडला. इंग्लंडवर त्या स्पर्धेत झालेला तो पहिला गोल. सामना २–१ असा गेला. सदऱ्याने डोळे पुसत बाहेर पडणारा युसेबिओ सगळ्या जगाने पाहिला. पोर्तुगालमध्ये आजही तो सामना ‘अश्रूंचा सामना’ म्हणून ओळखला जातो.

सोन्याचा पिंजरा

१९६५ मध्ये युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा सुवर्णचेंडू त्याला मिळाला होता. त्यातही एक खोच होती. हा मान त्या काळी फक्त युरोपीय नागरिकांनाच देत. युसेबिओ कागदोपत्री पोर्तुगीज, म्हणून तो पात्र ठरला. आफ्रिकी देशाचा नागरिक म्हणून हा मान मिळविणारा पहिला खेळाडू लायबेरियाचा जॉर्ज विआ. पण त्यासाठी १९९५ साल उजाडून नियम बदलावा लागला. हाच विआ पुढे २०१८ ते २०२४ या काळात आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

इटलीतील धनाढ्य क्लब युसेबिओला वाटेल ते मोल देण्यास तयार होते. परंतु तो राष्ट्राचा ठेवा असून देशाबाहेर जाऊ शकत नाही, असे खुद्द सालाझार यांनीच बजावल्याचे सांगितले जाते. त्यातच १९६६ च्या नामुष्कीनंतर इटलीने परदेशी खेळाडूंना दार लावले. ज्या वयात खेळाडू चार पैसे गाठीस बांधतो, ते वय युसेबिओचे बेन्फिकाच्या पगारावरच गेले. ‘ठेवा’ हा शब्द गौरवाचा खरा. पण ठेवा कुलपातच असतो, हेही खरे.

त्या काळात बचावपटूंच्या लाथांना पंचांचा धाक कमी. युसेबिओच्या गुडघ्यांवर, विशेषतः डाव्या, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. तरी तो खेळत राहिला. १९६३, १९६५ आणि १९६८ अशा आणखी तीन वेळा बेन्फिका युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि तिन्ही वेळा हरला. अडुसष्ट साली मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बरोबरी असताना, अगदी अखेरच्या मिनिटांत, युसेबिओचा जोरकस फटका गोलरक्षक स्टेपनीने छातीशी अडविला. विजय हातचा निसटला होता. अशा क्षणी माणूस कपाळाला हात लावतो. युसेबिओने थांबून त्या गोलरक्षकासाठी टाळ्या वाजविल्या. त्याच्या साऱ्या गोलांपेक्षा हा एक क्षण मोठा, असे आम्हांस वाटते. मुलांना खेळाडूवृत्ती म्हणजे काय हे सांगावयाचे झाल्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

उतरणीचा काळ आणि उत्तरायण

एप्रिल १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले. त्याच वर्षी तेहतीस वर्षांच्या युसेबिओने बेन्फिका सोडला. आता जाण्यास मोकळीक होती, पण गुडघे पूर्वीचे राहिले नव्हते. बोस्टन, मेक्सिकोतील मॉन्तेरे, टोरांटो, लास वेगास असा तो फिरत राहिला. १९७६ मध्ये टोरांटोच्या संघाला त्याने उत्तर अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि अंतिम सामन्यात गोलही केला. मधूनच पोर्तुगालमधील लहान क्लबांकडूनही तो खेळला. एके काळचा राजा पोटासाठी गावोगाव खेळतो आहे, हे पाहून अनेकांना वाईट वाटले. आम्हांस त्यात कमीपणा दिसत नाही. तरुणपणी जे मिळावयास हवे होते ते मिळाले नाही, म्हणून दुखऱ्या पायांनी कष्ट करून मिळविणे, यात लाज कसली?

जन्मभूमीचा संघ तयार झाला तेव्हा त्याचा काळ सरला होता. मोझांबिकसाठी तो कधीच खेळला नाही. पोर्तुगालकडून त्याने ६४ सामन्यांत ४१ गोल केले. हा विक्रम २००५ पर्यंत टिकला. कोलुनाने दुसरी वाट धरली. तो मायदेशी परतला, तेथील फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला, संसदेतही बसला. युसेबिओ लिस्बनलाच राहिला आणि बेन्फिकाचा व पोर्तुगालचा दूत म्हणून जगभर हिंडला. दोघांपैकी कोण बरोबर, असा निवाडा करावयास आम्ही धजत नाही. माफालाला त्याने मनातून काढून टाकली नाही आणि लिस्बनशी कृतघ्नपणाही केला नाही.

आमच्या आणि त्याच्या स्थितीत एक मोठा फरक आहे, तो मात्र सांगितला पाहिजे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आमचे पूर्वज गेले ते बहुधा राज्यकर्त्यांसोबत. मानाने गेले आणि वाडे बांधून राहिले. युसेबिओ गेला तो प्रजा म्हणून, दुसऱ्यांच्या बोलावण्यावरून. दोन घरांचे सुखदुःख आम्हांस ठाऊक आहे. पण दुसऱ्या घराने पहिल्या घरावर राज्य करावे, ही वेदना त्याची वेगळी होती. तिच्याविषयी तो फारसे बोलला नाही. जे बोलावयाचे ते तो चेंडूने बोलला.

५ जानेवारी २०१४ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. पोर्तुगालने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. शवपेटी बेन्फिकाच्या मैदानाभोवती फिरविण्यात आली. दोन महिन्यांच्या आतच मापुतोत कोलुनाचेही देहावसान झाले. आईने दिलेली सोबतीची जबाबदारी त्याने जणू शेवटपर्यंत निभावली.

जुलै २०१५ मध्ये युसेबिओच्या अस्थी लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात नेण्यात आल्या. राष्ट्राध्यक्ष आणि साहित्यिक यांच्यासाठी राखलेल्या त्या वास्तूत हा मान मिळालेला तो पहिलाच फुटबॉलपटू. तेथेच पूर्वेचा सागरी मार्ग शोधणाऱ्या वास्को द गामाचे आणि १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचे स्मृतिचौथरे आहेत. ज्यांनी तलवारीच्या बळावर साम्राज्य उभे केले त्यांच्या पंक्तीस, त्या साम्राज्याच्या पत्र्याच्या वस्तीत मोज्याच्या चेंडूने खेळलेला मुलगा आज विसावला आहे. साम्राज्य केव्हाच गेले. गोवा गेला, मोझांबिक गेले, अंगोला गेले. त्या साम्राज्यातून पोर्तुगालच्या हाती प्रेमाने जपावे असे जे थोडे उरले, त्यात माफालालाच्या एलिझाबाईंचा हा मुलगा आहे.